वैद्यकीय तपासणीतील शस्त्रविषयक प्रश्न आणि रुग्णाचे खाजगीपण

रुग्ण जेव्हा डॉक्टरपुढे बसतो, तेव्हा त्याला केवळ आपले शरीरच नव्हे, तर आपल्या जीवनक्रमाचा बराचसा भागही उघडा करावा लागतो. आहार कोणता, मद्य किती, झोप लागते की नाही, घरात कोणी तंबाखू ओढते काय, हे प्रश्न डॉक्टर विचारतो आणि रुग्ण त्यांची उत्तरे देतो. एरवी ज्या गोष्टी मनुष्य सख्ख्या भावासही सांगणार नाही, त्या तो येथे सांगतो. कारण प्रश्न उपचारासाठी विचारला जात आहे आणि उत्तर त्या खोलीबाहेर जाणार नाही, अशी त्याची दुहेरी श्रद्धा असते. या श्रद्धेच्या दोन अंगांपैकी एक जरी डळमळले, तरी साधा प्रश्नही रुग्णास अपमानकारक वाटू शकतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या काही दशकांत अशा एका प्रश्नावरून मोठा वाद माजला. तो प्रश्न म्हणजे ‘तुमच्या घरी बंदूक आहे काय?’ हा होय.

इ.स. २०१० साली फ्लॉरिडा राज्यातील ओकाला या गावी एका बालरोगतज्ज्ञाने एका बालरुग्णाच्या मातेस हा प्रश्न केला. मातेने उत्तर देण्याचे नाकारले. तेव्हा तीस दिवसांच्या आत दुसरा डॉक्टर पाहावा, असे तिला सांगण्यात आले. घटना लहानशी होती; परंतु तिच्या निमित्ताने उठलेल्या ओरड्यातून पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा संमत केला आणि तो कायदा सहा वर्षे न्यायालयांत झुंजत राहिला. या प्रकरणात रुग्णाचे खाजगीपण, डॉक्टरचे भाषणस्वातंत्र्य, शस्त्र बाळगण्याचा घटनादत्त हक्क आणि सार्वजनिक आरोग्य अशी चार तत्त्वे एकमेकांसमोर उभी राहिली. यांतील प्रत्येक तत्त्वाचे नेमके म्हणणे काय, आणि ती खरोखरच परस्परविरोधी आहेत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. खाजगीपण आणि गोपनीयता

या वादात बराचसा गोंधळ दोन कल्पनांची सरमिसळ झाल्यामुळे उत्पन्न झाला आहे. म्हणून आरंभीच त्या वेगळ्या करणे इष्ट ठरेल.

खाजगीपण म्हणजे स्वतःसंबंधीची एखादी गोष्ट दुसऱ्यास सांगावी की न सांगावी, हे ठरविण्याची मुभा. गोपनीयता ही त्यानंतरची पायरी होय. एकदा विश्वासाने सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याने पुढे कोणास कळू देऊ नये, हे तिचे स्वरूप. खाजगीपण हा रुग्णाचा अधिकार आहे, तर गोपनीयता हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. हिपॉक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्राचीन प्रतिज्ञेत ज्याचा समावेश आहे, ते हे दुसरे कर्तव्य. प्रश्नच विचारू नये, असे बंधन तीत नाही. किंबहुना गोपनीयतेची हमी देण्याचा हेतूच मुळी असा की, डॉक्टरला मोकळेपणाने विचारता यावे आणि रुग्णास मोकळेपणाने सांगता यावे.

यावरून असे दिसते की, एखाद्या प्रश्नाविषयी तक्रार करताना ती तीन निरनिराळ्या प्रकारची असू शकते. प्रश्न विचारलाच जाऊ नये, ही पहिली. उत्तर न दिल्याबद्दल शासन होऊ नये, ही दुसरी. दिलेले उत्तर नोंदले जाऊन अन्यत्र जाऊ नये, ही तिसरी. या तिन्ही तक्रारींवर उपाय वेगवेगळे आहेत. फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने तिन्हींना एकाच कायद्यात गुंफले, हे त्या कायद्याच्या पुढील इतिहासाचे बीज होय.

२. डॉक्टर हा प्रश्न का विचारतो

बंदुकीचा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेत येतो कसा, असा आक्षेप सहज सुचण्याजोगा आहे. त्याचे उत्तर मृत्यूंच्या आकड्यांत आहे. इ.स. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीच्या इजेने ४८,८३० माणसे मरण पावली. त्यांपैकी सुमारे २१,००० मृत्यू हे खून होते. परंतु २६,३२८ मृत्यू, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्येचे होते. इ.स. २०२० पासून तेथील एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीने मोटार-अपघातांस मागे टाकून पहिले स्थान घेतले. ज्या देशात प्रत्येक दहा प्रौढांपैकी सुमारे चार जणांच्या घरात बंदूक असते, तेथे बालरोगतज्ज्ञाने पोहण्याच्या तलावाविषयी किंवा विषारी रसायनांविषयी विचारावे आणि बंदुकीविषयी विचारू नये, हे त्या शास्त्रास धरून नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

या म्हणण्याच्या मुळाशी एक महत्त्वाचा सिद्धांत आहे. आत्महत्येची ओढ ही पुष्कळदा दीर्घकाळ टिकणारी नसते. ती भरतीप्रमाणे येते आणि ओसरते. त्या अवधीत हाताशी असलेले साधन किती घातक आहे, यावर जीव वाचणे अथवा न वाचणे अवलंबून राहते. अन्य बहुतेक साधनांनी केलेल्या प्रयत्नांतून बरीच माणसे वाचतात आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकजण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदुकीच्या बाबतीत मात्र वाचणारा विरळा. कॅलिफोर्नियातील दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी बारा वर्षे तपासून इ.स. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण ते न बाळगणाऱ्या पुरुषांच्या तिपटीहून अधिक, तर स्त्रियांत सातपट आढळले. साधन दूर ठेवल्याने काय घडते, याचे उदाहरण इस्रायलच्या सैन्यात मिळते. सैनिकांनी सप्ताहान्ती घरी जाताना शस्त्र तळावरच ठेवावे, असा नियम इ.स. २००६ मध्ये झाल्यावर तरुण सैनिकांतील आत्महत्यांत सुमारे चाळीस टक्के घट झाल्याचे नोंदले गेले.

तेव्हा डॉक्टरच्या प्रश्नाचा हेतू शस्त्र हिरावून घेणे हा नसून, ते कुलपात, गोळ्या काढून आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवले आहे किंवा नाही, हे जाणून सल्ला देणे हा होय. अशा रीतीने ठेवलेल्या बंदुका असलेल्या घरांतून मुलांच्या आत्महत्या व अपघात कमी आढळतात, असे इ.स. २००५ मधील एका अभ्यासाने दाखविले. बालरोगतज्ज्ञाचा थोडका सल्ला आणि सोबत दिलेले कुलूप यांमुळे कुलूप वापरणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढते, असे इ.स. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगाने दिसून आले. कुलपासारख्या साधनाच्या जोडीवाचून केवळ तोंडी सल्ल्याचा प्रभाव किती, याविषयीचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

३. रुग्णाची शंका

याउलट, हा प्रश्न ऐकताच ज्याच्या मनात संशय उत्पन्न होतो, त्या रुग्णास केवळ हेकट समजणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीला दिला आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने इ.स. २००८ साली हेलर खटल्यात दिला. बंदूकधारकांच्या मोठ्या वर्गास असे भय वाटत आले आहे की, शासनाजवळ एकदा शस्त्रधारकांची यादी तयार झाली, की ती शस्त्रे जप्त करण्यास वेळ लागणार नाही. हे भय इतके बलवान आहे की, मध्यवर्ती शासनाने बंदूकधारकांची नोंदवही ठेवू नये, असे इ.स. १९८६ च्या कायद्यातच सांगितलेले आहे. अशा स्थितीत, डॉक्टरच्या कागदावर उमटलेले ‘होय’ हे उत्तर मागच्या दाराने तीच यादी बनवील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. वैद्यकीय नोंदी आता संगणकावर असतात. विमा कंपन्या, शासकीय आरोग्ययोजना, रुग्णालयांचे समूह अशा अनेकांच्या हाती त्यांतील माहितीचा काही ना काही भाग जातो. म्हणून ही शंका पूर्वीपेक्षा अधिक तीव्र झाली आहे.

दुसरी शंका मानसिक उपचारांसंबंधी आहे. इ.स. १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने, ज्यांना अधिकृत निर्णयाने मानसिक दृष्ट्या अक्षम ठरविले आहे किंवा सक्तीने मनोरुग्णालयात ठेवले आहे, अशांना बंदूक बाळगण्यास मनाई केली. केवळ निदान झाले किंवा स्वेच्छेने उपचार घेतले, एवढ्याने मध्यवर्ती कायद्यान्वये ही मनाई लागू होत नाही. परंतु हा भेद सर्वसामान्य माणसास ठाऊक नसतो. आपण उदास असल्याचे सांगितले तर आपली बंदूक जाईल, या भीतीने एखादा शेतकरी अथवा निवृत्त सैनिक डॉक्टरकडे जाण्याचेच टाळतो. ज्याला प्रश्नाची सर्वांत अधिक गरज आहे, तोच प्रश्नाच्या भीतीने दूर राहतो, ही या विषयातील खरी शोकांतिका होय.

तिसरी गोष्ट प्रश्नकर्त्याच्या वृत्तीची. अनेक वैद्यकीय संघटनांनी शस्त्रनियंत्रणाच्या बाजूने उघड भूमिका घेतलेल्या आहेत. त्यामुळे प्रश्न आरोग्याचा म्हणून विचारला जात आहे की राजकीय मताचा म्हणून, हे रुग्णास कळेनासे होते. तथापि सर्वच बंदूकधारक या प्रश्नावर रुष्ट होतात, असे नाही. इ.स. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी, आणि बंदूकधारकांपैकीही निम्म्याहून अधिक लोकांनी, डॉक्टरने बंदुकीविषयी बोलणे निदान काही प्रसंगी तरी योग्य असल्याचे मत दिले.

४. फ्लॉरिडाचा कायदा

इ.स. २०११ च्या जून महिन्यात फ्लॉरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी बंदूकधारकांच्या खाजगीपणाचा कायदा स्वाक्षरीत केला. त्याच्या मूळ मसुद्यात फौजदारी शिक्षेची तरतूद होती. ती वगळून अंतिम स्वरूपात व्यावसायिक शिस्तभंगाची कारवाई ठेवण्यात आली. कायद्याची चार कलमे वादग्रस्त ठरली. पहिले नोंदीचे कलम. बंदुकीविषयीची माहिती रुग्णाच्या उपचाराशी अथवा त्याच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेशी संबद्ध नाही, हे ठाऊक असताना ती डॉक्टरने वैद्यकीय नोंदीत घालू नये. दुसरे प्रश्नाचे कलम. अशी संबद्धता आहे, असे सद्भावपूर्वक वाटत असल्याखेरीज बंदुकीविषयी विचारू नये. तिसरे भेदभावाचे कलम. बंदूक बाळगतो एवढ्याच कारणाने रुग्णास भेदभावाने वागवू नये. चौथे त्रासाचे कलम. तपासणीच्या वेळी रुग्णास बंदुकीवरून अनावश्यक त्रास देऊ नये. कायदा मोडणाऱ्यास प्रत्येक अपराधामागे दहा हजार डॉलरपर्यंत दंड, परवान्यावर निर्बंध, तो स्थगित करणे अथवा रद्द करणे, अशा शिक्षा होऊ शकत होत्या.

वरवर पाहता ही कलमे सौम्य वाटतात. संबद्धता वाटल्यास विचारण्याची मुभा तर त्यांत आहेच. परंतु खरी अडचण तेथेच आहे. प्रतिबंधक वैद्यकाची पद्धती अशी की, कोणत्या रुग्णास धोका आहे हे आधी ठाऊक नसते, म्हणूनच सर्वांना विचारावयाचे असते. मोटारीत मुलासाठी पट्टा वापरता काय, हा प्रश्न डॉक्टर संशयावरून विचारीत नाही. तो प्रत्येक मातापित्यास विचारतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र प्रत्येक रुग्णागणिक विशेष कारण दाखविता आले पाहिजे, असे ठरल्यास सार्वत्रिक प्रश्न अशक्य होतो. शिवाय ज्या डॉक्टरचा परवाना पणाला लागला आहे, तो संबद्धतेच्या सीमेवर उभे राहण्याऐवजी गप्प बसणेच पसंत करील. कायद्याची अक्षरे जितके निषिद्ध करतात, त्याहून अधिक त्याची भीती निषिद्ध करते.

आणखी एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. रुग्णास उत्तर नाकारण्याचा अधिकार आहे, असे याच कायद्याने सांगितले. परंतु त्या नकारामुळे डॉक्टरच्या रुग्ण निवडण्याच्या प्रचलित अधिकारात बदल होत नाही, असेही त्यातच नमूद केले. म्हणजे ओकाला येथील ज्या घटनेतून हा कायदा जन्मास आला, त्या घटनेतील मातेस त्याने संरक्षण दिलेच नाही. उत्तर न दिल्याबद्दल रुग्णास काढून टाकणे, ही जी रास्त तक्रार होती, तिला स्पर्श न करता कायद्याने प्रश्नावरच हात टाकला.

५. न्यायालयांतील प्रवास

डॉ. वोल्श्लेगर आणि अन्य काही डॉक्टर, तसेच बालरोगतज्ज्ञ, कुटुंबवैद्य आणि औषधवैद्यक यांच्या राष्ट्रीय संघटनांच्या फ्लॉरिडा शाखा यांनी कायद्यास आव्हान दिले. त्यांचा आधार पहिल्या घटनादुरुस्तीने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याचा होता. इ.स. २०११ च्या सप्टेंबरमध्ये जिल्हा न्यायाधीश मार्शा कुक यांनी तात्पुरता आणि इ.स. २०१२ मध्ये कायमचा मनाई हुकूम दिला. राज्याने अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयात धाव घेतली.

तेथील तीन न्यायाधीशांच्या पीठाने एकाच खटल्यात तीनदा निर्णय लिहिला, आणि तिन्ही वेळा बहुमताने कायदा वैध ठरविला; मात्र प्रत्येक वेळी कारण बदलले. इ.स. २०१४ च्या निर्णयात न्या. टिओफ्लाट यांनी असे प्रतिपादिले की, हा कायदा भाषणाचे नव्हे, तर व्यावसायिक वर्तनाचे नियमन करतो आणि भाषणावर त्याचा परिणाम केवळ आनुषंगिक आहे. इ.स. २०१५ च्या जुलैमधील दुसऱ्या निर्णयात, हे व्यावसायिक भाषण आहे असे मान्य करून ते मध्यम कसोटीवर तपासले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील तिसऱ्या निर्णयात, अत्यंत कठोर कसोटी लावली तरीही कायदा टिकतो, असे सांगितले. न्या. विल्सन यांनी तिन्ही वेळा विरुद्ध मत नोंदविले. एका निष्कर्षासाठी तीन वेगवेगळे पाये शोधावे लागले, यावरूनच डॉक्टरचे बोलणे हे कायद्याच्या दृष्टीने वर्तन की भाषण, हा प्रश्न किती अनिर्णीत होता, ते कळून येते.

अखेर पूर्णपीठाने खटला पुन्हा ऐकला आणि १६ फेब्रुवारी २०१७ रोजी निर्णय दिला. न्या. जॉर्डन आणि न्या. मार्कस यांनी न्यायालयाच्या वतीने निर्णयपत्रे लिहिली. नोंद, प्रश्न आणि त्रास यांविषयीची तीन कलमे घटनाबाह्य ठरली. भेदभावाचे कलम, ते वर्तनापुरतेच लागू आहे असा संकुचित अर्थ लावून, कायम ठेवण्यात आले. तीन कलमांविरुद्ध दहा न्यायाधीश होते आणि एकटे न्या. टिओफ्लाट कायद्याच्या बाजूने राहिले. राज्याने हा निर्णय सर्वोच्च न्यायालयात नेला नाही.

६. निर्णयाचा आशय

निर्णयातील युक्तिवादाचे तीन टप्पे करता येतील. पहिला असा की, लिहिणे आणि बोलणे यांवर थेट निर्बंध घालणाऱ्या कायद्यास ‘वर्तनाचे नियमन’ म्हणून पहिल्या दुरुस्तीच्या कक्षेबाहेर नेता येत नाही. शस्त्रक्रिया हे वर्तन आहे. शस्त्रक्रियेविषयी सल्ला देणे हे भाषण आहे. शिवाय हा निर्बंध विषयनिष्ठ आहे, कारण डॉक्टरने अन्य कोणत्याही विषयावर बोलावे, फक्त या एका विषयावर बोलू नये, असे तो सांगतो.

दुसरा टप्पा शस्त्राच्या हक्काचा. राज्याचे म्हणणे होते की, दुसऱ्या दुरुस्तीने दिलेल्या हक्काचे रक्षण हा कायद्याचा हेतू आहे. न्यायालयाने उत्तर दिले की, ती दुरुस्ती शासनास बांधते. डॉक्टर ही खाजगी व्यक्ती आहे. ती शस्त्र काढून घेऊ शकत नाही, आणि तिने प्रश्न विचारला वा मत दिले, एवढ्याने कोणाच्या हक्कावर आक्रमण होत नाही. एखादा घटनादत्त हक्क उपभोगणाऱ्यास त्याविषयी कोणी काही विचारू नये, असा हक्क त्यातून निघत नाही.

तिसरा टप्पा खाजगीपणाचा, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. रुग्णास उत्तर नाकारता येते. वैद्यकीय नोंदींच्या गोपनीयतेसाठी अन्य कायदे आहेतच. असे असता प्रश्नावर बंदी घालण्याची गरज दाखविणारा पुरावा कोठे आहे, असे न्यायालयाने विचारले. एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक लोकवस्तीच्या राज्यात विधिमंडळापुढे आले ते केवळ सहा किस्से. एवढ्या आधारावर संबंध व्यवसायाचे तोंड बांधता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. ‘अनावश्यक त्रास’ म्हणजे काय, हे तर कोणालाच सांगता येण्याजोगे नव्हते. कळकळीने दिलेला दुसऱ्यांदाचा सल्ला एकास उपचार वाटेल, तर दुसऱ्यास छळ.

न्या. विल्यम प्रायर यांनी आपल्या स्वतंत्र सहमतीच्या मतात दिलेला इशारा विशेष चिंतनीय आहे. हा खटला दुसऱ्या दुरुस्तीचा नसून पहिल्या दुरुस्तीचा आहे, असे सांगून त्यांनी दाखविले की, आज एका मताचे विधिमंडळ डॉक्टरचे तोंड बंद करू शकले, तर उद्या विरुद्ध मताचे विधिमंडळही तेच करील. ज्यांना आज हा कायदा सोयीचा वाटतो, त्यांच्याही स्वातंत्र्याचे रक्षण याच तत्त्वाने होते. इ.स. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निफ्ला खटल्यात, व्यावसायिकाचे भाषण म्हणून कमी संरक्षणाचा एक वेगळा वर्ग मानण्यास नकार दिला, तेव्हा हीच दिशा दृढ झाली.

परंतु या निर्णयाने काय ठरले नाही, हेही पाहिले पाहिजे. प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, एवढेच ठरले. प्रश्न विचारणे प्रत्येक वेळी शहाणपणाचे आहे, असे ठरले नाही. बंदूकधारक म्हणून रुग्णास अधिक शुल्क आकारणे, त्याचा उपचार लांबविणे अशा वर्तनास मज्जाव कायमच राहिला. अन्य राज्यांनी अधिक संयमाचे मार्ग शोधले. माँटॅना राज्याने, बंदुकीविषयीचे उत्तर नाकारले म्हणून रुग्णास उपचार नाकारू नये, असे ठरविले. मिसूरीने, असा प्रश्न विचारण्याची वा उत्तर नोंदण्याची सक्ती कायद्याने डॉक्टरवर करता येणार नाही, असे ठरविले. या दोन्ही तरतुदी रुग्णाच्या रास्त भयास हात घालतात आणि डॉक्टरच्या जिभेस मात्र मोकळी ठेवतात. मध्यवर्ती पातळीवर इ.स. २०१० च्या आरोग्यविमा सुधारणा कायद्यात, शस्त्रधारकांविषयी माहितीचा साठा करण्यास व त्यावरून विम्याचा हप्ता वाढविण्यास मनाई करण्यात आली. त्या कलमाचा अर्थ डॉक्टरने विचारू नये असा होत नाही, हे इ.स. २०१३ मध्ये अध्यक्ष ओबामा यांच्या प्रशासनास स्पष्ट करावे लागले.

७. गोपनीयतेच्या मर्यादा

प्रश्न मोकळा झाला, तरी उत्तराचे काय होते, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेचे नियम इ.स. १९९६ च्या कायद्याखाली झाले व इ.स. २००३ पासून बहुतेक सर्व संस्थांवर बंधनकारक झाले. त्यांनुसार रुग्णाने सांगितलेली बंदुकीची माहिती ही अन्य वैद्यकीय माहितीइतकीच संरक्षित आहे. परंतु गंभीर व निकटचा धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती, तो धोका टाळू शकणाऱ्या व्यक्तीस देण्याची मुभा त्या नियमांत आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९७६ मधील टारासॉफ खटल्यात याहून पुढे जाऊन, रुग्णापासून विशिष्ट व्यक्तीस धोका असल्यास तिच्या रक्षणाचे कर्तव्य मानसोपचारकावर येते, असे ठरविले होते.

इ.स. २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लॉरिडातील पार्कलंड येथील शाळेत सतरा जणांची हत्या झाल्यावर, ज्या राज्याने सात वर्षांपूर्वी डॉक्टरांना प्रश्न विचारण्यास मज्जाव केला होता, त्याच राज्याने धोकादायक व्यक्तीकडील शस्त्रे न्यायालयाच्या हुकमाने तात्पुरती काढून घेण्याचा कायदा केला. तेथे अर्ज करण्याचा अधिकार पोलिसांकडे ठेवण्यात आला. मेरिलंडसारख्या राज्याने मात्र तो डॉक्टरांनाही दिला. येथे एक सूक्ष्म अडचण उत्पन्न होते. डॉक्टरच्या हाती शस्त्र काढवून घेण्याची शक्ती जसजशी येते, तसतसा त्याचा साधा प्रश्न रुग्णास चौकशीसारखा वाटू लागतो. संरक्षणाचे साधन वाढले, पण विश्वास घटला, तर अंतिम लाभ कोणता, हे पारखूनच ठरवावे लागेल.

ब्रिटनने याच्या उलट टोकाची व्यवस्था स्वीकारली आहे. तेथे शस्त्र बाळगणे हा हक्क नसून परवान्याने मिळणारी सवलत आहे. इ.स. २०२१ च्या शासकीय मार्गदर्शनानुसार अर्जदाराच्या आरोग्याची माहिती डॉक्टरकडून मिळाल्याखेरीज पोलीस परवाना देत नाहीत, आणि परवानाधारकाच्या वैद्यकीय नोंदीवर तशी खूण ठेवण्याची पद्धत आहे. फ्लॉरिडाने जी नोंद निषिद्ध मानली, तीच ब्रिटनमध्ये सुरक्षेची अट झाली. हा भेद वैद्यकाचा नाही. शस्त्राकडे हक्क म्हणून पाहावयाचे की सवलत म्हणून, या राजकीय पायाचा आहे.

८. भारतीय दृष्टीने

भारताची स्थिती या बाबतीत ब्रिटनच्या जवळची आहे. इ.स. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक परवान्याविना बाळगता येत नाही. म्हणून शासनापाशी यादी असण्याचे जे भय अमेरिकेत आहे, ते येथे संभवत नाही. परंतु प्रश्नाचा गाभा येथेही लागू आहे. विदर्भ-मराठवाड्यातील ग्रामीण घरांत बंदूक नसते, पण फवारणीचे औषध असते, आणि ते बहुधा झोपण्याच्या खोलीत किंवा माळ्यावर उघडेच असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरने खिन्न दिसणाऱ्या शेतकऱ्यास अथवा त्याच्या घरच्या माणसांस, फवारणीचे औषध कोठे ठेवता, असे विचारणे हे त्याच तर्कशास्त्राचे रूप आहे. साधन दूर गेले की क्षणिक आवेगास निष्फळ करता येते.

कायद्याच्या बाजूने पाहता, इ.स. २०१७ हे वर्ष येथेही महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले, आणि त्याच वर्षी संमत झालेल्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मनोरुग्णास गोपनीयतेचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. मात्र इतरांस इजा होऊ नये म्हणून आवश्यक तेवढी माहिती देण्याचा अपवाद ठेवला. तत्पूर्वी इ.स. १९९८ मध्ये एका रुग्णालयाविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, रुग्णाची गोपनीयता ही निरपवाद नाही, असे म्हटलेच होते. तेव्हा खाजगीपण आणि इतरांची सुरक्षितता यांचे माप घालण्याचे काम भारतीय न्यायव्यवस्थेलाही टळलेले नाही.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, फ्लॉरिडाच्या प्रकरणात डॉक्टरचे स्वातंत्र्य आणि रुग्णाचे खाजगीपण यांच्यात जो विरोध दिसला, तो बव्हंशी आभासात्मक होता. रुग्णाच्या खाजगीपणाचे खरे रक्षण तीन गोष्टींनी होते. उत्तर न देण्याची मोकळीक, त्या नकाराबद्दल उपचारास न मुकण्याची हमी, आणि दिलेले उत्तर कोठे जाईल याची स्पष्ट कल्पना, या त्या होत. यांपैकी एकीसाठीही प्रश्नास बंदी घालण्याची आवश्यकता नाही. उलट प्रश्न मिटविल्याने रुग्णाचे खाजगीपण वाढत नाही. त्याचे एकाकीपण मात्र वाढते.

परंतु न्यायालयाने डॉक्टरला दिलेले स्वातंत्र्य हे त्यास जबाबदारीतून मुक्त करीत नाही. प्रश्न का विचारीत आहे हे आधी सांगणे, तो सर्वांनाच विचारला जातो हे स्पष्ट करणे, उत्तर कागदावर घालण्यापूर्वी त्याची गरज आहे काय हे स्वतःस विचारणे, आणि नकार मिळाल्यास सुरक्षिततेचा सल्ला मात्र न वगळणे, ही पथ्ये कोणताही कायदा घालून देऊ शकणार नाही. ओकाला येथील डॉक्टरने उत्तराचा आग्रह न धरता, ‘बंदूक असली तर कुलपात ठेवा,’ एवढे सांगून मूल तपासले असते, तर त्या मातेचे मौनही राहिले असते आणि मुलाचे हितही साधले असते. कायद्याच्या सहा वर्षांच्या झुंजीत जे साध्य झाले, त्याहून अधिक त्या एका वाक्याने साधले असते.